‘रँग्लर’ : एका आज्ञासाधनाचे नाव, कार्य व इतिहास

‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गास अपरिचित नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिज विद्यापीठाच्या गणित-परीक्षेत बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनिअर रँग्लर ठरले. तेव्हापासून हा शब्द मराठीत एखाद्या बिरुदासारखा नावाच्या आधी लागू लागला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी ही नावे या शब्दावाचून उच्चारली तर ती अपुरी वाटतात. पुढे एका अमेरिकन विजारीच्या छापामुळे तोच शब्द बाजारातही आला. २०१९ पासून त्यास तिसरा अर्थ प्राप्त झाला आहे. स्थिर संकेतस्थळे व लहान आज्ञावल्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जगभर पसरलेल्या यंत्रजालावर चढविण्याचे जे आज्ञासाधन आहे, त्याचे नाव रँग्लर. प्रस्तुत निबंधात या साधनाचा, त्याच्या पूर्वपीठिकेचा आणि त्याच्या शब्दसंपत्तीत घडलेल्या फेरफारांचा विचार करावयाचा आहे. शब्दांचा विचार येथे केवळ हौसेखातर केलेला नाही. आज्ञासाधन म्हणजे मुख्यतः क्रियापदांचा एक छोटा कोशच होय. त्यातील एखादे क्रियापद बदलले की ते साधन वापरणाऱ्याचे त्या कामाशी असलेले नातेही बदलले आहे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

केंब्रिजचा रँग्लर हा ‘रँगल’ म्हणजे वाद घालणे, हुज्जत घालणे या क्रियापदावरून आला. एके काळी तेथील परीक्षा ही लेखी नसून शास्त्रार्थाची असे, आणि जो वादात टिकेल तो रँग्लर. क्लाउडफ्लेअरच्या साधनाचे नाव मात्र या कुळातले नाही. ते अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांवरून आलेले आहे. तेथे घोड्यांचा कळप सांभाळणाऱ्या, त्यास वळवून योग्य जागी आणणाऱ्या माणसास रँग्लर म्हणतात. हा दुसरा अर्थ मेक्सिकोतील स्पॅनिश भाषेतील ‘काबायेरांगो’ म्हणजे मोतद्दार या शब्दाच्या उच्चारसादृश्याने इंग्रजीत रुजला असावा, असे काही कोशकारांचे मत आहे. तसे असेल तर दिसण्यात एक असलेले हे दोन शब्द वस्तुतः दोन भिन्न घरांतील आहेत. कंपनीने आपल्या यंत्रजालावर चालणाऱ्या लहान आज्ञावल्यांस ‘वर्कर्स’ हे नाव दिले होते. त्यांस हाकून नेणारा तो रँग्लर, अशी ही रूपकाची रचना आहे. कामकरी आणि घोडे यांची ही गल्लत फारशी सुसंगत नव्हे. परंतु संगणकक्षेत्रातील नामकरणात सुसंगतीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ज्या स्थळाची पाने वाचकाने मागणी करण्यापूर्वीच पूर्ण लिहून तयार असतात, आणि जे प्रत्येकास तीच पाने जशीच्या तशी देते, ते स्थिर. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत जे पहिले संकेतस्थळ उभे केले ते याच जातीचे होते. पाने लिहावयाची व ती अशा यंत्रावर ठेवावयाची की जेथून ती कोणासही मागवून घेता येतील, एवढेच काम. स्वतःच्या टेबलावरील यंत्रातून त्या दुसऱ्या यंत्रावर पाने नेण्यास जो मार्ग सर्वांत अधिक वापरला गेला, तो एफटीपी. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये, म्हणजे संकेतस्थळे जन्मास येण्यापूर्वी वीस वर्षे, अभय भूषण यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे असताना लिहिला. भूषण हे कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीतील पदवीधर होत. पानांची ने-आण करण्याची जी रीत पुढे दोन-तीन दशके जगभर रूढ होती, तिचा मूळ लेखक भारतीय आहे, ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तशी विदित नाही.

एफटीपीच्या पद्धतीत एक अंगभूत उणीव होती. फाइली एकामागून एक जात. शंभर फाइलींपैकी साठ गेल्या आणि तार तुटली, तर वाचकासमोर नव्या-जुन्याची भेसळ उभी राही. नवे पान जुन्या सजावटीत दिसे, किंवा नव्या पानातील चित्राच्या जागी चौकट तेवढी उरे. शिवाय एक ओळ बदलली तरी कोणती फाइल पुन्हा पाठवावयाची हे माणसानेच लक्षात ठेवावे लागे. या दुसऱ्या अडचणीवर १९९६ साली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ हे साधन रचले. दोन्ही टोकांच्या फाइलींचे लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्याचा गणिताने ठसा घेऊन, जेथे ठसे जुळत नाहीत तेवढाच भाग ते पाठवी. हे ठशाचे तत्त्व ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे कारण पडणार आहे.

१९९३ नंतर मागणी येताच पान तयार करण्याची रीत आली. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेससारख्या प्रणालींनी तिला घराघरांत नेले आणि स्थिर पाने मागासलेली गणली जाऊ लागली. वस्तुतः २००१ मध्ये बेन व मीना ट्रॉट या दांपत्याने काढलेले मूव्हेबल टाइप हे लेखनसाधन लेखांपासून स्थिर पानेच घडवी, परंतु तो काळ त्यास अनुकूल नव्हता. प्रतिक्रिया २००८ मध्ये आली. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल हे साधन लिहिले. साध्या मजकुराच्या फाइलींपासून पूर्ण स्थिर संकेतस्थळ घडविणे, हे त्याचे काम. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गिटहब पेजेस ही सोय सुरू झाली. फाइली भांडारात ‘पुश’ केल्या की स्थळ प्रसिद्ध. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणीच्या सेवेतून सरळ संकेतस्थळ चालविण्याची सोय झाली. म्हणजे ज्याला लोक सर्व्हर म्हणत, त्याची स्थिर पानांपुरती गरज उरली नाही. एक कोठार पुरेसे झाले.

येथून आज्ञासाधनांचे पीक आले. त्यांच्या क्रियापदांकडे पाहणे उद्बोधक आहे. २०१४ मध्ये फायरबेसने संकेतस्थळे ठेवण्याची सेवा काढली, तिची आज्ञा होती ‘फायरबेस डिप्लॉय’. नेटलिफाय या कंपनीनेही ‘डिप्लॉय’ हाच शब्द घेतला. २०१६ साली गियेर्मो राउख यांच्या झाइट या कंपनीने तर आपल्या साधनाचे नावच ‘नाउ’ ठेवले. आज्ञापंक्तीत ‘नाउ’ एवढा एकच शब्द टाइप करावयाचा आणि स्थळ जगासमोर येई. आज्ञार्थी वाक्यात क्रियापद वगळून केवळ कालवाचक क्रियाविशेषण ठेवण्याचा हा प्रयोग भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. क्रिया इतकी गृहीत धरली गेली की ती उच्चारण्याची गरज भासेना. वेळ तेवढी सांगितली की पुरे. मराठीत सरदाराने चाकरास नुसते ‘आत्ता!’ म्हणावे, तसे हे झाले. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने व्हर्सेल हे नाव धारण केले, आणि आज्ञाही कंपनीच्या नावाची झाली. क्रियाविशेषणाची जागा विशेषनामाने घेतली. या बदलात सौंदर्य कमी झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता ‘सर्व्हरलेस’ या शब्दाविषयी. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने लॅम्डा ही सेवा जाहीर केली, तेव्हापासून या शब्दास विशेष प्रचार मिळाला. अर्थ असा की, आज्ञावली लिहिणाऱ्याने ती कंपनीच्या स्वाधीन करावयाची. मागणी येईल तेव्हा कंपनी ती चालवील, मागणी नसेल तेव्हा ती निजलेली राहील, आणि पैसे चालविल्यापुरतेच द्यावयाचे. सर्व्हर असतोच, तो दुसऱ्याचा असतो, आणि दृष्टीआड असतो. ‘सर्व्हरविरहित’ असे त्याचे भाषांतर केले तर ते शब्दास धरून होईल, वस्तुस्थितीस धरून होणार नाही. घरी गोठा नाही म्हणून दूध गाईवाचून येते, असे कोणी म्हणत नाही.

क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०१७ मध्ये वर्कर्सची घोषणा केली व मार्च २०१८ मध्ये ती सेवा सर्वांस खुली केली. केंटन वार्डा हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. तिच्या रचनेत एक महत्त्वाचा भेद होता. इतर सेवा प्रत्येक ग्राहकाच्या आज्ञावलीसाठी स्वतंत्र कप्पा उभारीत, आणि तो उभारण्यात वेळ जाई. वार्डा यांनी क्रोम ब्राउझरमधील व्ही-एट हे यंत्र घेतले. ब्राउझर ज्याप्रमाणे एकाच वेळी उघडलेल्या अनेक पानांतील आज्ञावल्या परस्परांपासून पृथक् ठेवून चालवितो, त्याप्रमाणे एकाच प्रक्रियेत शेकडो ग्राहकांच्या आज्ञावल्या भिंती घालून चालविता येतात. अशी आज्ञावली काही मिलिसेकंदांत जागी होते. त्यामुळे ती एखाद्या दूरच्या केंद्रात न ठेवता वाचकाच्या नजीकच्या शहरात ठेवणे परवडू लागले.

रँग्लर २०१९ मध्ये आला, तो प्रथम रस्ट या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्यांचे वेबअसेंब्लीत रूपांतर करून त्या वर्कर्सवर चढविण्यासाठी. तो स्वतःही रस्टमध्येच लिहिलेला होता. स्थिर स्थळांशी त्याचा संबंध २७ सप्टेंबर २०१९ रोजी जाहीर झालेल्या ‘वर्कर्स साइट्स’ या सोयीने आला. तिची कार्यपद्धती थोडी विस्ताराने पाहणे अवश्य आहे, कारण रँग्लरचे खरे बुद्धिकौशल्य तेथे दिसते.

क्लाउडफ्लेअरपाशी त्या वेळी फाइली ठेवण्याचे साधे कोठार नव्हते. होते ते ‘के-व्ही’ नावाचे किल्ली-मूल्य भांडार. किल्ली सांगावी व तिच्यापाशी ठेवलेले मूल्य मिळावे, अशी त्याची रचना. हे भांडार वाचनास अतिशय जलद होते, परंतु लिहिलेले मूल्य जगातील सर्व केंद्रांत पोहोचण्यास साठ सेकंद किंवा त्याहून अधिक काळ लागे. स्थिर स्थळाच्या दृष्टीने हा दोष घातक होता. सजावटीची फाइल बदलून तिचे मूल्य त्याच किल्लीवर लिहिले, तर मुंबईच्या वाचकास नवे पान व नवी सजावट, आणि लंडनच्या वाचकास नवे पान व जुनी सजावट, असा प्रकार होई. एफटीपीच्या काळातील भेसळ पुन्हा नव्या वेषात उभी राहिली असती.

यावर उपाय असा योजला गेला. रँग्लर प्रत्येक फाइलीच्या मजकुराचा ठसा काढी व तो किल्लीच्या नावातच गुंफी. मजकूर बदलला की ठसा बदले, ठसा बदलला की किल्ली बदले. अर्थात् जुन्या किल्लीवर नवे मूल्य लिहिण्याचा प्रसंगच येत नसे. कोणत्या मूळ नावाची सध्याची किल्ली कोणती, याची एक यादी तयार होई आणि ती वर्करच्या आज्ञावलीसोबत जाई. क्रमही ठरलेला होता. आधी नव्या किल्ल्या भरावयाच्या. मग नवी यादी घेतलेला वर्कर चढवावयाचा. आणि तो चढल्यावर मगच निरुपयोगी झालेल्या जुन्या किल्ल्या काढावयाच्या. यादी बदलली की स्थळ बदलले, तोवर नाही. ज्या किल्ल्या भांडारात आधीच आहेत त्या पुन्हा पाठविण्याचे कारण नाही, हा फायदा आपोआप मिळाला. आरसिंकमधील ठशाचे तत्त्व व हे तत्त्व एकाच जातीचे आहे. उसनवारीचा पुरावा शोधण्याची येथे आवश्यकता नाही, कारण ठशाने ओळख पटविण्याची युक्ती संगणकशास्त्रात सर्वांच्या मालकीची आहे.

या सर्व खटाटोपासाठी वापरणाऱ्यास एक लहान नोंदफाइल लिहावी लागे. तिच्यात ‘साइट’ या शीर्षकाखाली ‘बकेट’ या शब्दापुढे आपल्या फाइलींच्या फोल्डरचे नाव द्यावयाचे, आणि आज्ञापंक्तीत ‘रँग्लर पब्लिश’ असे लिहावयाचे. ही नोंदफाइल ‘टॉमल’ या लिपिपद्धतीत असे. टॉमलमधील टॉम म्हणजे जेकिलचेच कर्ते टॉम प्रेस्टन-वर्नर होत. स्थिर स्थळांच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ ज्याने केला, त्याचे नाव अशा रीतीने या साधनाच्या उंबरठ्यावर कोरलेले राहिले. ते बहुधा योगायोगानेच.

पहिल्या रँग्लरमध्ये एक विसंगती होती. तो रस्टमध्ये लिहिलेला, परंतु बहुसंख्य वापरणारे जावास्क्रिप्टचे लेखक. त्यांच्या आज्ञावल्यांची जुळवाजुळव करण्यासाठी रँग्लरला जावास्क्रिप्टमधील वेबपॅक हे वेगळे साधन पोटात बाळगावे लागे. साधनाची भाषा एक व ते वापरणाऱ्यांची भाषा दुसरी. त्यामुळे ज्यांना दोष आढळत त्यांना तो दुरुस्त करणे अवघड जाई. नोव्हेंबर २०२१ मध्ये रँग्लरच्या दुसऱ्या आवृत्तीचा कच्चा खर्डा निघाला व मे २०२२ मध्ये ती पक्की झाली. ती संपूर्णतः टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलेली होती. वेबपॅकची जागा ईएसबिल्डने घेतली. रस्टच्या अभिमान्यांस हे रुचले नाही. परंतु ज्या समाजासाठी साधन आहे, त्या समाजाच्या बोलीत ते असावे, हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. मे २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट साधली. क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या यंत्रणेचा गाभा ‘वर्करडी’ या नावाने खुला केला होता. तो आता रँग्लरबरोबर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रात चालू लागला. दूरच्या केंद्रात जे घडेल तेच घरच्या यंत्रात तपासून पाहता येऊ लागले.

याच तिसऱ्या आवृत्तीत ‘पब्लिश’ ही आज्ञा मागे घेण्यात आली व तिच्या जागी ‘डिप्लॉय’ आली. जुनी आज्ञा काही काळ चालत असे, परंतु ती दिली की सूचना झळके. वरवर पाहता ही किरकोळ बाब होय. इतर साधनांशी एकवाक्यता, हे त्याचे कारण सहज सुचते. तथापि दोन्ही शब्दांची कुळे पाहिली असता काही निराळे दिसते. ‘पब्लिश’ हा लॅटिनमधील ‘सार्वजनिक करणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. आपला ‘प्रकाशन’ हा शब्दही त्याच भावनेचा आहे. अंधारातले उजेडात आणावयाचे. दोन्हींत वाचक अध्याहृत आहे. ‘डिप्लॉय’ लॅटिनमधील ‘घडी उलगडणे’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचद्वारा आला, व इंग्रजीत तो अठराव्या शतकात फौजेची रांग पसरण्याच्या अर्थाने रूढ झाला. त्यात वाचक कोठेच नाही. आहे तो सेनापती, फौज आणि मैदान.

मराठीत ‘डिप्लॉय’ला जो सर्वांत जवळचा जुना शब्द आहे तो ‘तैनात करणे’; हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. तो उच्चारताच मराठी वाचकास तैनाती फौज आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ती स्वीकारली. फौज पेशव्याच्या रक्षणासाठी, खर्च पेशव्याचा, हुकूम मात्र कंपनीचा. दोहोंतील साम्य ताणू नये. संकेतस्थळाचा धनी वाटेल तेव्हा आपल्या फाइली उचलून दुसरीकडे जाऊ शकतो. बाजीरावास ती मुभा नव्हती. परंतु साम्याचा एक धागा खरा आहे, आणि तो वर्कर्स साइट्सच्या इतिहासातच सापडतो. मूळच्या स्थिर फाइली कोणत्याही यंत्रावर जशाच्या तशा चालतात. हेच त्यांचे वैभव. वर्कर्स साइट्सने त्यांच्याभोवती जी किल्ल्यांची यादी, जो वर्कर व जे भांडार उभे केले, ते सर्व एकाच कंपनीच्या मैदानावर चालणारे होते. शिवाय प्रत्येक पानाच्या मागणीस वर्कर जागा होई व त्याची मोजणी होई. आरंभी ही सोय दरमहा पाच डॉलरांची वर्गणी भरणाऱ्यांसच मिळे. के-व्हीचा काही वापर विनामूल्य झाला तो नोव्हेंबर २०२० मध्ये. जी वस्तू मुळात अत्यंत स्वस्त व स्वतंत्र होती, ती अशा रीतीने मोजमापाच्या आणि परावलंबनाच्या कक्षेत आली.

हे कंपनीच्याही ध्यानात आले असावे. डिसेंबर २०२० मध्ये तिने पेजेस नावाची निराळी सेवा पुढे केली व स्थिर स्थळांचा ओघ तिकडे वळविला. काही काळ एकाच घरात एकाच कामासाठी दोन चुली पेटत होत्या, आणि नवागतास कोणत्या चुलीवर भांडे ठेवावे हे कळत नसे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्कर्सनाच ‘स्टॅटिक ॲसेट्स’ ही नवी सोय जोडण्यात आली. हिच्यात के-व्ही भांडाराचा वापरणाऱ्याशी काही संबंध उरला नाही. रँग्लर सर्व फाइलींच्या ठशांची यादी प्रथम पाठवितो. पलीकडून यातील कोणते ठसे नवे आहेत एवढे उत्तर येते. तेवढ्याच फाइली जातात. म्हणजे दोन टोकांनी ठसे ताडून पाहण्याची आरसिंकची मूळ रीत येथे अधिक उघड स्वरूपात परत आली आहे. स्थिर पानांच्या मागण्यांवर आकार पडत नाही, आणि केवळ स्थिर स्थळ असेल तर वर्करची एक ओळही लिहावी लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये रँग्लरची चौथी आवृत्ती आली. तिच्यात ‘पब्लिश’ ही आज्ञा पूर्णपणे काढून टाकलेली आहे, आणि वर्कर्स साइट्स त्याज्य ठरविलेली आहे. ज्यांनी २०१९ मध्ये आपली स्थळे त्या सोयीवर बसविली, त्यांनी फाइली न बदलता नोंदफाइलीतील ‘साइट’ हे शीर्षक खोडून तेथे ‘ॲसेट्स’ असे लिहावयाचे आहे, आणि ‘बकेट’ या शब्दाच्या जागी ‘डिरेक्टरी’.